भिंतीवरचा दुभाष्या

आमच्या घनसावंगीच्या घरी माजघरातल्या कपाटाच्या तळाशी एक पत्र्याचा डबा आहे. एके काळी त्यात दिवाळीच्या करंज्या राहत. आता अडॅप्टर राहतात. कुणी काळा, कुणी पांढरा, कुणी जुना होऊन पिवळा पडलेला. त्यांच्या वायरी एकमेकींत अशा गुरफटल्या आहेत की एकाला उचलावे तर चौघे वर येतात. ज्या वस्तूंबरोबर ते घरात आले त्या केव्हाच मोडीत निघाल्या. हे मात्र मागे राहिले. लग्न उरकल्यावर मांडवाबाहेर ज्या दोन-चार चपला उरतात त्यांच्याकडे पाहून जसे 'ह्या कुणाच्या असतील?' असे वाटते, तसेच ह्या डब्यात डोकावताना मला वाटते. टाकून देण्याचा धीर होत नाही. कधी ना कधी उपयोगी पडेल असे म्हणत आमच्या पिढीने सुतळीचे तुकडेसुद्धा जपले. हे तर चांगले पैसे मोजून घरात आलेले.

ह्या डब्याने मला एकदा चांगलेच लाजविले. दुसऱ्यांदा ती पाळी थोडक्यात टळली. त्या दोन्ही वेळांची हकिकत सांगावी असे मनात आहे.

आधी ह्या वस्तूची ओळख करून द्यायला हवी. आमच्या बाजारात तिला सर्रास 'चार्जर' म्हणतात, मग ती काही चार्ज करीत असो वा नसो. मी पडलो मराठीचा शिक्षक. तेव्हा तिला एखादे मराठी नाव असावे असे मला वाटे. 'अनुकूलक' हा शब्द सुचलाही. पण दुकानात जाऊन 'एक अनुकूलक द्या' असे म्हटले असते, तर दुकानदाराने मला आधी बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिले असते. म्हणून लोकांच्या तोंडचा 'अडॅप्टर' हाच शब्द मी मुकाट्याने स्वीकारला. मनात मात्र त्याला मी 'दुभाष्या' म्हणतो. भिंतीच्या सॉकेटमधली वीज २३० व्होल्टची आणि तीही सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावणारी. पंख्याला, मिक्सरला ती भाषा समजते. रेडिओ, इंटरनेटची पेटी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र ही नाजूक मंडळी. त्यांना पाच, सहा, नऊ, बारा व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. भिंतीचा दरडावणीचा सूर त्यांच्या कानी जसाच्या तसा पडला तर ती जागच्या जागी गप्प होतील. म्हणून मध्ये हा दुभाष्या उभा असतो. एका हाताने भिंतीचे म्हणणे घेतो आणि दुसऱ्या हाताने यंत्राला सोसेल अशा शब्दांत ते सांगतो. आता दुभाष्याच जर भलत्या भाषेचा निघाला तर काय होईल?

मी सेवानिवृत्त झालो त्या दिवशी शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुलांनी आपसांत वर्गणी काढून मला एक रेडिओ भेट दिला. जुन्या घाटणीचा, बाजूला चक्री आणि काचेमागे सरकणारा लाल काटा असलेला. 'गुरुजी, तुम्हाला मोबाइलवरचे ऐकणे आवडत नाही, म्हणून हा शोधून आणला,' असे त्यांच्यातला एक जण म्हणाला. खरे सांगतो, शाल-श्रीफळाच्या वेळी कोरडे राहिलेले माझे डोळे तेव्हा ओलावले. पुढे दोन-तीन वर्षे सकाळच्या बातम्या आणि आकाशवाणीच्या छत्रपती संभाजीनगर केंद्रावरची गाणी ह्यांनी आमच्या घरातला दिवस सुरू होई.

एका पावसाळ्यात उंदराने त्या रेडिओच्या अडॅप्टरची वायर कुरतडली. मी तो अडॅप्टर काढून पत्र्याच्या डब्यात टाकला आणि डब्यातून दुसरा एक उचलला. त्याची पिन रेडिओच्या मागच्या छिद्राला लावून पाहिली. ती आपल्यासाठीच केल्यासारखी नेमकी आत बसली. बसली म्हणजे चालली, असा माझा हिशेब. मी बटण दाबले. रेडिओ क्षणभर नेहमीपेक्षा मोठ्याने बोलला, मग 'टच्' असा बारीक आवाज झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास माजघरभर पसरला. रेडिओ सहा व्होल्टचा होता. मी लावलेला अडॅप्टर बारा व्होल्टचा होता. हे दोन्ही आकडे दोघांच्याही पाठीवर स्वच्छ छापलेले होते. सारा जन्म मुलांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असे सांगण्यात गेलेल्या माणसाने ते वाचले नव्हते.

ह्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. त्या वर्गातला एक मुलगा दिवाळीला घरी पाया पडायला आला. त्याने सहज विचारले, 'गुरुजी, रेडिओ चालतो ना?' मी म्हणालो, 'चालतो की!' आत स्वयंपाकघरात पत्नीच्या हातची उलथणी क्षणभर थांबल्याचे मला ऐकू आले. मुलांनी पै-पै जमवून दिलेली वस्तू आपण आपल्या हाताने जाळली हे सांगण्याची मला लाज वाटली, आणि ती लाज लपविण्यासाठी मी खोटे बोललो. पत्नी त्या रेडिओवरची धूळ रोज पुसत राहिली. मी त्या कोपऱ्याकडे पाहण्याचे टाळू लागलो.

अशी काही वर्षे गेली. मध्यंतरी पत्नीला एकदा चक्कर आली, तेव्हा डॉक्टरांनी तिचा रक्तदाब सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहून ठेवायला सांगितले. त्यासाठी आम्ही एक यंत्र आणले. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचे, की पट्टा हवेने फुगतो, हळूहळू सैलावतो आणि पडद्यावर आकडे उमटतात. आकडे वहीत उतरविण्याचे काम आमच्या नातीने आपणहून घेतले. ती सातवीत आहे. तिचे अक्षर माझ्यापेक्षा सुवाच्य आहे, हे मला कबूल करावे लागते. डॉक्टर ती वही पाहून औषधाची मात्रा ठरवितात. वहीतला आकडा चुकला तर औषध चुकेल, हे तिला मी एकदाच सांगितले होते. तिने ते फार मनावर घेतले.

गेल्या जून महिन्यात एका संध्याकाळी आमच्याकडे मृगाचा जोराचा पाऊस झाला. तुम्ही मराठवाड्यात राहत असाल तर तो पाऊस कसा येतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. आधी धुळीचा लोट, मग वारा आणि मग आभाळ फाटावे तशा विजा. घरातले दिवे दोन-तीनदा भगभगले, मंद झाले आणि गेले. सकाळी वीज परत आली. पण रक्तदाबाच्या यंत्राचा अडॅप्टर काही जागा झाला नाही. यंत्र मात्र धड होते. त्यात चार सेल घातले की ते चालत असे. पण सेल वरचेवर संपतात, त्यांना पैसे पडतात आणि काटकसर हा माझा जुना आजार. मी सरळ कपाटाकडे गेलो आणि पत्र्याचा डबा बाहेर ओढला.

पहिलाच अडॅप्टर हाती लागला तो काळा, भारदस्त. पिन यंत्राच्या छिद्राजवळ नेली. ती सहज आत जाऊ लागली. आणि त्याच क्षणी माझ्या नाकाला तो जुना जळका वास आला. खरोखर आला असे नव्हे. पण आठवणींना वास असतो. मी हात मागे घेतला, चश्मा चढविला आणि अडॅप्टर उलटा करून पाहिला. तोच तो, बारा व्होल्टवाला.

'आजोबा, थांबा,' नात म्हणाली, 'आधी सगळे वाचून काढू.'

तिने भिंग आणले, वहीचे मागचे पान उघडले आणि आम्ही दोघे अंगणाच्या उजेडात बसलो. मुलांनो, त्या अडॅप्टरच्या पाठीवरचा मजकूर तुम्ही कधी वाचून पाहिला आहे का? काळ्या प्लॅस्टिकवर करड्या शाईने मुंगीच्या पायाएवढी अक्षरे छापलेली असतात. आमच्याच तालुक्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास अक्षर कसे काढावे ह्यासाठी खर्च केला आहे. ह्या कारखानदारांना तो कुणीतरी वाचून दाखवायला हवा. असो. भिंगातून पाहता पाहता अर्थ लागू लागला. एका ओळीत 'इनपुट', म्हणजे तो भिंतीकडून काय घेतो; दुसऱ्या ओळीत 'आउटपुट', म्हणजे यंत्राला काय देतो. शेजारी छोटी चित्रे. लाटेसारखी नागमोडी रेघ म्हणजे हेलकावणारी वीज. एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा म्हणजे एका दिशेने वाहणारी वीज. चौकोनात चौकोन म्हणजे आत वेष्टणावर वेष्टण, विजेपासून दुहेरी संरक्षण. घराचे चित्र म्हणजे ही वस्तू घरातच वापरावी, उघड्यावर नव्हे. फुली मारलेली कचऱ्याची पेटी म्हणजे ही वस्तू उकिरड्यावर टाकू नये. हे शेवटचे चित्र पाहून, आमचा डबा निदान एका बाबतीत तरी नियमाला धरून आहे, असे समाधान मी मानून घेतले.

यंत्राच्या पाठीवर लिहिले होते सहा व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर. डब्यात पाच व्होल्टचे तीन निघाले, नऊचा एक, बाराचे दोन. एकाच्या दोन्ही ओळींत नागमोडी रेघच होती. एकावर तर काहीच लिहिलेले नव्हते. तो नातीने लगेच बाजूला काढला. 'ज्याने नाव सांगितले नाही त्याला घरात घ्यायचे नाही,' असे ती म्हणाली. हे वाक्य तिच्या आजीचे आहे. आणि अगदी तळाशी एक सहा व्होल्टचा सापडला. वीज एका दिशेची, ताकद पुरेशी. पिनसुद्धा यंत्रात बसत होती. तो होता रेडिओचा, उंदराने वायर कुरतडलेला.

मला वाटले, सुटलो. वायरीला चिकटपट्टी गुंडाळली की काम झाले. पण नात अजून भिंगातून पाहत होती. अडॅप्टरवर एक वर्तुळ होते, मध्ये ठिपका, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे. यंत्रावरही तसेच चित्र होते. पण एका ठिकाणी मधल्या ठिपक्याला अधिकाची रेघ जोडलेली होती आणि दुसऱ्या ठिकाणी उण्याची. तिने दोन्ही चित्रे वहीत शेजारी शेजारी काढली. 'आजोबा, हे उलटे आहे.'

मला त्याचा अर्थ सांगता येईना. वय झाले की माणसाला 'मला ठाऊक नाही' हे म्हणणे जड जाते, मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला तर फारच. मी कापडी पिशवी घेतली, त्यात यंत्र, मेलेला अडॅप्टर, सहा व्होल्टवाला आणि वही टाकली आणि नातीला घेऊन बाजाराकडे निघालो.

बाजारात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. दिवाळीला येऊन रेडिओची चौकशी करणारा मुलगा तो हाच. माझ्या पायांना तो रस्ता त्या दिवशी जरा लांबच वाटला. त्याने उठून खुर्ची दिली, नातीला स्टुलावर बसविले, वहीतली चित्रे पाहिली आणि हसून म्हणाला, 'हिने तर माझे अर्धे काम करूनच आणले, गुरुजी!'

मग त्याने आम्हा दोघांना शिकविले. मी वर्गात शिकवीत असताना हा मुलगा शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर पाहत बसे. आज मी त्याच्यापुढे बसलो होतो आणि एक शब्दही सोडीत नव्हतो.

तो म्हणाला, व्होल्ट म्हणजे गावच्या पाण्याच्या टाकीची उंची. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. सहा पुरुष उंचीच्या टाकीसाठी केलेली मऊ नळी बारा पुरुष उंचीच्या टाकीला जोडली तर ती फुटणारच. म्हणून व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळायला हवा. कमी नको, जास्त तर नकोच नको. अँपिअरचे मात्र तसे नाही. इथे माझी पिढ्यान्‌पिढ्यांची गैरसमजूत दूर झाली. मला वाटे, अँपिअर जास्त असले की यंत्र जळते. 'नाही गुरुजी,' तो म्हणाला, 'अडॅप्टरवरचे अँपिअर म्हणजे बैलाची ताकद. ओझे अर्ध्या पोत्याचे असेल आणि बैल दोन पोती ओढणारा असेल, तर तो अर्धेच पोते ओढील आणि मजेत चालेल. पण दोन पोत्यांच्या ओझ्याला गोऱ्हा जुंपला तर गोऱ्हा मरेल.' म्हणजे यंत्राला जितके अँपिअर लागतात तितके किंवा त्याहून अधिक अडॅप्टरवर लिहिलेले असावेत. कमी असले तर अडॅप्टर तापतो, वितळतो, कधी पेटही घेतो. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली पहिली विद्युत्-घटमाला केली आणि फ्रान्सच्या अँपिअरने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत विजेच्या प्रवाहाचे नियम शोधले. त्या दोघांची नावे घनसावंगीच्या बाजारात बैल आणि पाण्याची टाकी ह्यांच्या मदतीने समजावून दिली जातील, असे त्यांना कधी वाटले नसेल.

आणि वर्तुळातले चित्र? पिनेला दोन भाग असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. वीज कोणत्या भागातून आत जावी आणि कोणत्या भागातून बाहेर पडावी हे त्या चित्रात सांगितलेले असते. काही यंत्रांत चुकीच्या दिशेने आलेल्या विजेला अडविणारा पहारेकरी असतो, काहींत नसतो. 'असेल ह्या भरवशावर राहू नये,' एवढे बोलून त्याने रेडिओचा अडॅप्टर हाती घेतला. हा लोखंडी गाभ्याचा, वजनदार. ज्या जागी वायर कुरतडली होती तेथे चिकटपट्टी न लावता त्याने फक्त मान हलविली. मग तो भाग कापून टाकून त्याने मोजणीचे यंत्र, म्हणजे त्याचा मल्टीमीटर, उघड्या टोकांना लावला आणि काटेकोरपणे सर्व वायरी मोकळ्या ठेवून बटण दाबले. (हे काम त्याचे, तुम्ही घरी असे काही करू नका.) पडद्यावर आकडा आला जवळजवळ नऊ.

'पण ह्यावर तर सहा लिहिले आहे,' नात म्हणाली.

'ओझे नसताना असे जुने अडॅप्टर जास्त व्होल्ट देतात. ओझे पडले की सहावर येतात. ज्या रेडिओसाठी तो केला त्याला ते चालते. दुसऱ्याला चालेलच असे नाही.'

दुकानात भिंतीवर पारदर्शक पिशव्यांत नवे अडॅप्टर ओळीने टांगलेले होते. त्यांतला एक सहा व्होल्टचा होता. एकावर तर सरकते बटण होते. तीन, साडेचार, सहा, नऊ, बारा, हवे तितके व्होल्ट करून घ्या. मला तो फार सोयीचा वाटला. तो म्हणाला, 'गुरुजी, हे मी विकतो. पण आईंच्या यंत्रासाठी देणार नाही. पुसताना हात लागला आणि बटण सहावरून बारावर गेले तर?' मग त्याने एक अगदी स्वस्त अडॅप्टर आणि एक चांगला अडॅप्टर, दोन्ही नादुरुस्त होऊन आलेले, उघडून दाखविले. मायकेल फॅरडेने १८३१ साली शोधून काढले की एका तारेच्या वेटोळ्यातील बदलत्या विजेमुळे शेजारच्या, तिला न चिकटलेल्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. अडॅप्टर त्याच तत्त्वावर चालतो. नवे हलके अडॅप्टर विजेचे आधी सेकंदाला हजारो तुकडे करतात म्हणून त्यांना वेटोळे लहान पुरते, एवढाच फरक. भिंतीकडची बाजू आणि यंत्राकडची बाजू ह्या एकमेकींना मुळीच शिवत नाहीत. दुभाष्याने दोघांचे बोलणे करून द्यायचे. दोघांची हातघाई होऊ द्यायची नाही. चांगल्या अडॅप्टरमध्ये ह्या दोन बाजूंत रुंद, मोकळी पट्टी सोडलेली होती. स्वस्तातल्यात त्या दोन बाजू बोटाच्या नखाएवढ्या अंतरावर येऊन ठेपल्या होत्या. 'मधले हे कुंपण मोडले तर भिंतीतले २३० व्होल्ट सरळ यंत्रात येतात,' तो म्हणाला. नातीने हळूच विचारले, 'आणि पट्टा आजीच्या दंडाला असेल तर?' त्याने उत्तर दिले नाही. आजारी माणसाच्या अंगाला लागणाऱ्या उपकरणांचे नियम अधिक कडक का असतात हे मला तेव्हा कळले.

भारतात वस्तूंची मानके ठरविणारी संस्था १९४७ साली स्थापन झाली. १९८७ च्या एप्रिलपासून तिचे काम भारतीय मानक ब्युरो पाहतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ साली निघाला आणि पुढे संगणक, दूरचित्रवाणी अशा उपकरणांचे अडॅप्टरही त्या यादीत आले. अशा वस्तूवर मानकाच्या चिन्हाबरोबर 'आर' हे इंग्रजी अक्षर आणि पुढे आठ अंकी क्रमांक असतो. हा क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ह्या ॲपवर घालून पाहता येतो. नातीने हौसेने भिंतीवरचे तीन क्रमांक तपासले. दोन बरोबर निघाले. तिसऱ्यावर चिन्ह होते. पण तो क्रमांक काही केल्या सापडेना. आमच्या विद्यार्थ्याने तो अडॅप्टर काही न बोलता खिळ्यावरून उतरविला आणि टेबलाखालच्या खोक्यात टाकला. त्याचे तेवढे नुकसान झाले. मला त्याचा फार अभिमान वाटला. पण तोंडाने मी काही बोललो नाही.

त्याचा सल्ला सरळ होता. रक्तदाबाच्या यंत्राला ते बनविणाऱ्यांनीच ठरवून दिलेला अडॅप्टर घ्यावा. तो जालन्याहून मागवावा लागेल आणि आठ-दहा दिवस लागतील. 'तोवर सेल घाला, गुरुजी. चार सेल, दीड-दीडचे, झाले सहा. यंत्र थांबलेच कुठे आहे?' खरेच, थांबले कुठे होते? घाई फक्त माझी होती, आणि तीही चार सेलांच्या किमतीची.

निघायची वेळ झाली तरी मी खुर्चीतून उठेना. तेव्हा त्याने कापलेली वायर गुंडाळत सहज म्हटले, 'हा अडॅप्टर त्या रेडिओचाच ना?'

मग मी सगळे सांगितले. बारा व्होल्ट, तो आवाज, तो वास, आणि दिवाळीच्या दिवशी बोललेले खोटे. नात ऐकत होती. तिच्यासमोर सांगणे सर्वांत कठीण गेले. तो खाली पाहून म्हणाला, 'मला त्याच दिवशी कळले होते, गुरुजी. रेडिओवर धूळ नव्हती. पण काटा जेथे होता तेथे कुठलेच केंद्र लागत नाही. आम्हाला वाटले, तुम्हाला तो आवडला नसेल.'

एवढी वर्षे त्या मुलांनी तसे समजून काढली होती! मी दुसऱ्याच दिवशी रेडिओ कापडात बांधून त्याच्याकडे नेऊन दिला. त्याने मागचे झाकण उघडले. एक बारीक भाग काळा पडला होता, दुसरा एक फुगला होता. 'मिळाले तर पाहतो. कबूल करीत नाही,' एवढेच तो म्हणाला. तो खोटे आश्वासन देत नाही, हे मी आता चांगले ओळखून होतो.

नवा अडॅप्टर नवव्या दिवशी आला. नातीने तो मला लगेच लावू दिला नाही. तिने त्याच्या पाठीवरची प्रत्येक ओळ यंत्राच्या पाठीवरच्या ओळीशी ताडून पाहिली, वर्तुळातल्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि मगच 'लावा' म्हटले. पत्नीने दंडाला पट्टा बांधून घेतला. 'अहो, ह्या पोरीपुढे तुमचे काही चालत नाही, हे बरे झाले,' असे ती म्हणाली. 'बोलू नको आजी, मोजताना बोलायचे नसते,' असे नातीने तिला दटावले. वहीत त्या दिवशीचा आकडा १३४ वर ८२ असा आहे. डब्यातल्या बाकीच्या अडॅप्टरांना आता पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर नातीच्या अक्षरात वस्तूचे नाव आणि व्होल्ट आहेत. ज्यांची वस्तू घरात उरली नव्हती ते सगळे आम्ही आमच्या विद्यार्थ्याच्या खोक्यात पोचविले.

नात म्हणते, पुढे हा डबाच लागणार नाही. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनसारख्या वस्तूंना एकाच घाटाचे छिद्र सक्तीचे केले आहे, आणि त्या प्रकारच्या अडॅप्टरला यंत्र आधी 'मला किती व्होल्ट हवे' ते सांगते. तोवर तो पाचाच्या वर जात नाही. विचारून बोलणारा दुभाष्या ही कल्पना मला मोठी गोड वाटते. पण आमच्या रक्तदाबाच्या यंत्राला अजून तो मान मिळालेला नाही. म्हणून भिंग कपाटात डब्याशेजारीच ठेवलेले आहे.

परवा बाजारातून परत येताना मी दुकानात डोकावलो. आमचा विद्यार्थी जेवायला गेला होता. रेडिओ टेबलावर उघडाच पडला होता, पण त्याचा लाल काटा नेहमीच्या जागेवर नव्हता.